अख्खा वर्ग, एकच पुस्तक : ‘तोत्तोचान’ वाचत जगाच्या प्रश्नांकडे

युद्ध, निर्वासित, अपंगत्व, परक्यांचा द्वेष हे विषय सहावीच्या मुलांना शिकवायचे कसे, असं नव्यानं रुजू झालेले शिक्षक मला विचारतात. आपल्याकडे बहुतेक वेळा सुरुवात तक्त्यापासून होते. वर ‘जागतिक समस्या’ असं शीर्षक, खाली सहा मुद्दे. मुलं ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. यात त्यांचा दोष नाही. ज्याचं नाव माहीत नाही, ज्याच्या डब्यात काय असतं ठाऊक नाही, त्या माणसाबद्दल अकरा वर्षांच्या मुलाला काय वाटणार?

मुलाला आधी एका माणसाची काळजी लागली पाहिजे. ती लागली की त्या माणसावरचं संकट कुठून आलं, हे मूल आपणहून विचारतं. काळजी लावण्याचं काम कादंबरी करते. आपण मध्ये घाईनं बोलायचं नाही, एवढंच आपल्याकडं असतं आणि तेच सगळ्यात अवघड आहे.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या उसाच्या पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला शिकवते. गेली काही वर्षं दुसऱ्या सत्रात आमचा अख्खा वर्ग मिळून ‘तोत्तोचान’ वाचतो. पहिल्यांदाच असं काही करून बघणाऱ्यांसाठी ही वाट लिहून ठेवते आहे.

हेच पुस्तक का

तेत्सुको कुरोयानागी यांचं हे पुस्तक जपानमध्ये १९८१ साली आलं. मराठीत चेतना सरदेशमुख-गोसावी यांचा अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टनं काढला आहे. खरं तर या लेखिकेच्या बालपणाच्या आठवणी आहेत, पण सांगण्याची रीत गोष्टीची आहे, त्यामुळं वर्गात ती कादंबरीसारखीच वाचली जाते. पहिलीतच शाळेतून काढून टाकलेली एक मुलगी, तिला सामावून घेणारी तोमोए नावाची शाळा, आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरणारे वर्ग, आणि पहिल्याच दिवशी तिचं बोलणं चार तास ऐकून घेणारे कोबायाशी सर.

आपल्याकडं हे पुस्तक प्रशिक्षणांत शिक्षकांच्या हातात दिलं जातं, ‘शाळा अशी असावी’ म्हणून. त्यामुळं ते शिक्षणाचं पुस्तक झालं आणि मुलांच्या हातात कमीच गेलं. मला हे खटकतं. मुलांबरोबर वाचताना त्यात वेगळंच दिसू लागतं. पोलिओनं पाय अधू झालेला यासुआकी-चान आहे. उंची न वाढणारा ताकाहाशी आहे. ‘कोरियन’ म्हणून हिणवला जाणारा मासाओ आहे. हळूहळू रिकामे होत जाणारे डबे आहेत आणि शेवटी बॉम्बच्या आगीत जळणारी शाळा आहे. जगाचे निम्मे प्रश्न एका छोट्या शाळेच्या अंगणात येऊन बसले आहेत आणि पुस्तक एकदाही त्यांना ‘समस्या’ म्हणत नाही.

दुसरं कारण अगदी व्यवहारी. साठेक प्रकरणं आहेत आणि प्रत्येक अगदी लहान, दोन-चार पानांचं. एका तासात दोन वाचून होतात आणि बोलायलाही वेळ उरतो.

वर्गात जाण्याआधी

पुस्तक स्वतः दोनदा वाचा. पहिल्यांदा नुसतं वाचा. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसा आणि बाहेरचं जग जिथं जिथं गोष्टीत शिरतं तिथं समासात बारीक खूण करा. खाऊच्या गोळ्यांचं यंत्र, जखमी सैनिकांचं रुग्णालय, अमेरिकेहून आलेला मुलगा, वडिलांचं व्हायोलिन. या खुणा म्हणजेच तुमचं नियोजन.

प्रती किती? दोघांत एक, म्हणजे बाकावर एक, हे उत्तम. छत्तीस मुलांना अठरा. आमच्याकडं पहिल्या वर्षी सातच होत्या : दोन शाळेच्या ग्रंथपेटीतल्या, एक गावच्या वाचनालयातली, बाकी माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या. तेवढ्यातही काम झालं, कारण मुख्य वाचन शिक्षकानं मोठ्यानं करायचं आहे. मूल ऐकता ऐकता पानावरून बोट फिरवतं, तेव्हा अडखळत वाचणारं मूलही गोष्टीत मागं राहत नाही. अख्ख्या पुस्तकाच्या झेरॉक्स मात्र काढू नका. पुस्तक महाग नाही, आणि लेखकाचा हक्क म्हणजे काय हे मुलं आपल्याकडूनच शिकतात.

वेळेचं गणित असं : साठ प्रकरणं, तासाला दोन, म्हणजे तीस तास. आठवड्याला तीन तास काढले तर दहा आठवडे. मराठीचे दोन आणि इतिहास-भूगोलाचा एक असे तास मी काढते. दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू करून जानेवारीअखेर संपवते. आमच्याकडं याच काळात ऊसतोडीच्या टोळ्या आलेल्या असतात आणि त्यांच्यातली काही मुलं वर्गात नव्यानं बसलेली असतात. ही मुलं पुस्तकाच्या मध्यावर आली तरी चालतं. आधीची गोष्ट त्यांना सांगायचं काम शेजारच्या मुलाला द्या. सांगणाऱ्याचीच उजळणी होते आणि दोघांची ओळख पुस्तकाच्या निमित्तानं होते.

मुख्याध्यापकांना आधी सांगा आणि पाठाच्या टाचणात नोंद करा. आकारिक मूल्यमापनात उपक्रम आणि प्रकल्प म्हणून हे सगळं व्यवस्थित बसतं. ‘पोर्शन कधी संपवणार’ हा प्रश्न येणारच, म्हणून कोणता घटक या वाचनात येऊन जातो त्याचा एक कागद तयार ठेवा. पालकसभेत दोन प्रकरणांची कल्पना द्या. एकात कोबायाशी सर मुलांना कपड्यांशिवाय पोहू देतात. कुठल्याही मुलाला आपल्या शरीराची लाज वाटू नये, अधू अवयव लपवावासा वाटू नये, हा त्यामागचा हेतू. दुसऱ्यात एका मुलाचा मृत्यू आहे. पोहण्याचं प्रकरण मी वाचून दाखवत नाही, माझ्या शब्दांत सांगते, आणि हेतू आधी सांगते. खुदखुद होते, पण क्षणभरच.

आणि आपला वर्ग ओळखून घ्या. कुणाच्या घरी या वर्षी कुणी गेलं आहे का? कुणाला दिसायला, ऐकायला, चालायला त्रास आहे? कुणाला गावात कोणत्या नावानं चिडवतात? पुस्तक या मुलांच्या अंगावर अचानक जाऊन आदळू नये. आमच्या वर्गात कॅलिपर लावून चालणारी एक मुलगी होती, त्या वर्षी मी तिच्याशी आणि तिच्या आईशी आधी बोलले. ती म्हणाली, “बाई, मला आधी एकटीला वाचू दे.” तिनं घरी नेऊन दोन दिवसांत सगळं पुस्तक वाचलं आणि मग वर्गात सगळ्यांच्या पुढं एक पाऊल राहिली.

पहिले दोन आठवडे : काहीही शिकवू नका

खरंच काही शिकवू नका. मुलांना तोत्तोचान आवडू द्या. ती डेस्कचं झाकण शंभरदा उघडते-मिटते, खिडकीतून रस्त्यावरच्या बँडवाल्यांना हाका मारते, चिमण्यांसारख्या पाखरांशी बोलते. मुलं हसतात. नावं त्यांना अवघड जातात, म्हणून पहिल्या दिवशी एवढं सांगा की ‘चान’ हे लाडानं नावाला जोडतात, आपण ‘बाळ्या’, ‘सोन्या’ म्हणतो तसं. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळे एकमेकांना ‘चान’ लावून हाक मारू लागतात. मारू द्या.

या काळात एकच काम द्यायचं, डब्याचं. कोबायाशी सर सांगत की डब्यात समुद्रातलं काहीतरी आणि डोंगरावरचं काहीतरी असावं. समुद्रातलं म्हणजे मासे, शेवाळ. डोंगरावरचं म्हणजे भाजी, जमिनीवर होणारं काहीही. ज्याच्या डब्यात एक नसेल त्याला सरांच्या पत्नी पातेल्यातून ते वाढत. गरीब-श्रीमंत डबा असा प्रश्नच उरत नसे. आमची मुलं शाळेतला पोषण आहार खातात, म्हणून आम्ही यादी केली की ताटात आलेलं काय आपल्या शिवारातलं आणि काय बाहेरचं. भात, डाळ, तेल, मीठ, हळद. मीठ समुद्रातलं, हे कुणाच्या तरी लक्षात येतं आणि मोठा आनंद होतो. ही यादी जपून ठेवा, युद्धाच्या प्रकरणांत ती परत लागणार आहे.

‘आपल्या शाळेत असं का नाही?’ हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच येतो. तो टाळू नका. ‘तोमोएत सगळी मिळून पन्नासेक मुलं होती, आपण एका वर्गात छत्तीस आहोत. यातलं काय जमेल ते बघू’ असं खरं उत्तर द्या आणि एखादी गोष्ट लगेच जमवून दाखवा. आम्ही शुक्रवारच्या शेवटच्या दोन तासांत कोणता विषय आधी घ्यायचा हे मुलांना ठरवू देतो.

यासुआकी-चान आणि शिडी

तोमोएत प्रत्येक मुलाचं आवारात एक झाड ठरलेलं होतं. यासुआकी-चानचं नव्हतं, कारण त्याला चढताच येत नसे. तोत्तोचान त्याला आपल्या झाडावर यायचं निमंत्रण देते. आधी साधी शिडी आणते, जमत नाही. मग घोड्याची शिडी आणते आणि घामाघूम होऊन त्याला वर ओढते. वर बसून तो तिला टेलिव्हिजन नावाच्या नव्या वस्तूबद्दल सांगतो.

हे प्रकरण वाचून झाल्यावर थोडा वेळ गप्प राहा. मग एकच प्रश्न विचारा : “तिनं त्याला मदत केली का?” मुलं एकदम ‘हो’ म्हणतात. “मग तिनं त्याला बोलावलं होतं की त्यानं मदत मागितली होती?” इथं वर्ग थबकतो. पाहुणा म्हणून बोलावणं आणि दया करणं यातला फरक सहावीच्या मुलांना व्याख्येशिवाय कळतो. मी तो कधीच फळ्यावर लिहीत नाही.

दोन-तीन दिवसांनी प्रश्न येतो, “पोलिओ म्हणजे काय? आता का दिसत नाही?” आता माहिती द्यायची वेळ. यासुआकीच्या काळात पोलिओवर लस नव्हती, पहिली लस १९५५ साली वापरात आली. भारतात पल्स पोलिओ मोहीम १९९५ साली सुरू झाली, शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र दिलं. अफगाणिस्तान आणि पाकिस्तानात मात्र तो अजून संपलेला नाही. “मग आपल्याकडं अजून थेंब का पाजतात?” या प्रश्नाचं उत्तर नकाशावर बोट ठेवल्यावर मुलं स्वतःच देतात. बूथवर काम करणाऱ्या आशाताईंना अर्ध्या तासासाठी वर्गात बोलवा. बोटाला शाई का लावतात, घरोघर जाताना कुठली घरं सुटतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

मग ही शिडीची गोष्ट आपल्या शाळेत आणा. मुलांच्या हातात मोजपट्टी द्या आणि शाळेचा रॅम्प मोजायला लावा. नियम सोपा आहे : उंची एक असेल तर लांबी बारा हवी. म्हणजे ओटा ४५ सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्प ५४० सेंटिमीटर लांब लागतो. गुणोत्तराचा धडा याहून चांगला होणार नाही. आमचा रॅम्प कमी भरला. मुलांनी मोजमापासह पत्र लिहून शाळा व्यवस्थापन समितीला दिलं. हे काम वर्षभर लोंबकळलं, पण समितीच्या बैठकीत मुलं स्वतः जाऊन बोलली.

ताकाहाशीची शर्यत

हे प्रकरण फार चर्चा मागत नाही, खेळ मागतं. कोबायाशी सरांनी क्रीडादिनाच्या शर्यतीच अशा रचल्या की बुटक्या ताकाहाशीचा नंबर पहिला यावा. कापडी माशाच्या पोटातून सरपटत जायचं, बुटक्या पायऱ्या एकेकच करत चढायच्या. बक्षीस म्हणून भाज्या. आणि हे मुद्दाम केलं आहे असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

मुलांचे गट करा आणि सांगा : नेहमी मागं पडणारं मूल पहिलं येईल असा खेळ शोधा, पण कुणासाठी शोधला हे कुणालाच कळता कामा नये. शेवटच्या अटीमुळं मुलं खरी विचारात पडतात.

याच मुलाबद्दलचा एक प्रसंग शिक्षकांसाठी आहे. वर्गात एका बाई ताकाहाशीला गमतीनं विचारतात, तुला शेपूट आहे का? कोबायाशी सर त्यांना नंतर मुलांसमोर नाही, स्वयंपाकघरात एकांतात बोलतात आणि फार कळकळीनं बोलतात. हे मी मुलांना वाचून दाखवते आणि नंतर विचारते, “माझ्याकडून असं कधी झालं आहे का?” एकदा एका मुलानं सांगितलं. मी त्याची माफी मागितली.

मासाओ : इथं सावकाश

हा भाग सगळ्यात नाजूक आहे, आणि माझ्या मते पुस्तकाचं काळीज इथं आहे. तोत्तोचानच्या वाटेवर मासाओ नावाचा एक मुलगा राहतो. एक दिवस तो तिच्याकडं बघून तुच्छतेनं ओरडतो, “कोरियन!” तिला काही कळत नाही. घरी येऊन आईला सांगते, तर आईच्या डोळ्यांत पाणी येतं. लोक मासाओला सतत हेच म्हणतात, म्हणून त्याला ही एक शिवीच वाटते. स्वतःच्या देशाचं नाव त्याला शिवी म्हणून शिकवलं गेलं आहे.

आधी गोष्ट, मग दुसऱ्या दिवशी नकाशा. जपाननं १९१० ते १९४५ कोरियावर राज्य केलं, आणि त्या काळात कामासाठी बरेच कोरियन लोक जपानमध्ये आले. इंग्रजांच्या राज्याबद्दल शिकलेल्या मुलांना हे पटकन कळतं. फरक इतकाच की इथं राज्य करणारा देश आपल्या लाडक्या तोत्तोचानचा आहे. हा धक्का मुलांना बसू द्या. आपल्याला आवडणाऱ्या माणसांचा देश दुसऱ्यावर अन्याय करत असू शकतो, हे अकराव्या वर्षी कळलं तर पुढं खूप उपयोगी पडतं.

मग गाव. इथं माझी एक चूक सांगते, तुम्ही ती करू नका. पहिल्या वर्षी मी वर्गात सरळ विचारलं, “आपल्याकडं कुणाला असं हिणवतात?” मुलांनी धडाधड शब्द सांगायला सुरुवात केली. जातीवरचे, रंगावरचे, ऊसतोडीला आलेल्यांचे. ज्यांच्याबद्दल ते शब्द होते त्यातली तीन मुलं वर्गातच मान खाली घालून बसली होती. मी तो तास थांबवला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आता मी कोरी चिठ्ठी देते. वर नाव नाही. लिहायचं एवढंच : ‘मला एकदा एका शब्दानं हाक मारली, तेव्हा मला काय वाटलं’. शब्द लिहायचा की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. चिठ्ठ्या मी घरी वाचते. वर्गात त्यातलं ‘काय वाटलं’ एवढंच वाचून दाखवते, शब्द नाही. एका वर्षी एका चिठ्ठीत होतं, ‘मी तोच शब्द माझ्या भावाला म्हटला.’ मासाओचं सगळं प्रकरण या एका ओळीत होतं.

ऊसतोडीच्या टोळीतली मुलं बीडकडून येतात, पालावर राहतात, पहाटे आई-बापाबरोबर फडात जातात आणि मग जमेल तेव्हा शाळेत. त्यांना वर्गासमोर उभं करून ‘तुझे अनुभव सांग’ असं कधीही म्हणू नका. त्यांना जे येतं ते मागा. मोळी कशी बांधतात, वाढं म्हणजे काय, टनाचा हिशेब कसा लावतात, हे आमच्या बागायतदारांच्या मुलांनाही नीट येत नाही.

युद्ध : रिकामं यंत्र आणि फळ्यावरची दोन रेघांची पट्टी

पुस्तकात युद्ध फार उशिरा आणि दबक्या पावलांनी येतं. स्टेशनवर नाणं टाकलं की गोळ्या देणारं एक यंत्र आहे, त्यातून आता काहीच पडत नाही. डबे साधे होत जातात. शाळेचे शिपाई र्‍यो-चान यांना सैन्यात बोलावणं येतं. रॉकी कुत्रा एक दिवस दिसेनासा होतो. जखमी सैनिकांसमोर गाणं म्हणायचं असतं, तेव्हा तोत्तोचानला इतर मुलांचं गाणं येत नाही, म्हणून ती शाळेतलं ‘नीट चावून खा’ हे गाणं म्हणते आणि एका सैनिकाला रडू येतं. व्हायोलिन वाजवणाऱ्या तिच्या वडिलांना युद्धसामग्रीच्या कारखान्यात लष्करी गाणी वाजवली तर साखर-तांदूळ मिळणार असतो. ते नाही म्हणतात.

मुलांना सांगा : “युद्ध आलंय असं पुस्तकात कुठं कुठं कळतं, ते हुडका.” ‘खाऊ मिळेना’ हा पुरावा मुलं सगळ्यात आधी शोधतात, आणि ते बरोबरच आहे. मघाची पोषण आहाराची यादी आता काढा आणि एकेक पदार्थ खोडत जा. तेल बाहेरून येतं, गेलं. डाळ, गेली.

फळ्याच्या वरच्या कडेला दोन रेघा आखा. वरच्या रेघेवर तोत्तोचानच्या आयुष्यात घडलेलं, खालच्या रेघेवर जगात घडलेलं. १९३७ साली तोमोए शाळा सुरू झाली, त्याच वर्षी जपाननं चीनशी मोठं युद्ध सुरू केलं. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बर. मार्च १९४५ मध्ये टोकियोवर आगीचे बॉम्ब पडले, एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं गेली. त्याच साली तोमोएही जळाली. ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकी. लेखिकेचा जन्म ९ ऑगस्ट १९३३ चा आहे. नागासाकीवर बॉम्ब पडला त्या दिवशी ती बारा वर्षांची झाली. सहावीतल्या मुलांना हा आकडा आपलाच वाटतो, वर्ग गार पडतो.

इथं एक काळजी घ्या. शाळा जळाली की मुलं ‘जपानवर अन्याय झाला’ एवढ्यावर थांबतात. खालच्या रेघेवरचं १९३७ त्यांना परत दाखवा. जपानी सैन्यानं चीनमध्ये काय केलं, हे तपशील न रंगवता पण स्पष्ट सांगा. मुलांवर बॉम्ब टाकणं चूक, आणि त्या मुलांच्या देशानं दुसऱ्या मुलांवर बॉम्ब टाकणंही चूक. दोन्ही वाक्यं एकाच तासात बोला.

आमच्याकडं हमखास येणारा प्रश्न असा : “बाई, नेताजी तर जपानच्या बाजूनं होते ना?” सोपं उत्तर देऊ नका. १९४४ मध्ये इंफाळच्या बाजूला आझाद हिंद सेना जपान्यांबरोबर होती, आणि त्याच सीमेवर सांगशाकला मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण जपान्यांशी लढत होती. दोन्हीकडं आपलीच माणसं. गावात कुणाच्या पणज्याला ब्रह्मदेशाची वारी घडली असेल तर घरात एखादं पदक, एखादा फोटो निघतो. आमच्या एका मुलानं रुमालात गुंडाळून पदक आणलं होतं. दिवसभर त्यानं ते खाली ठेवलं नाही.

वळिवडे

प्रत्येक भागात असा एखादा धागा सापडतो, जो पुस्तकातलं दूरचं जग दारात आणतो. आमचा धागा म्हणजे वळिवडे. कोल्हापूरजवळच्या या गावी १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत सत्तेनं त्यांना घरादारातून उचलून सैबेरिया, मध्य आशियाकडं नेलं होतं. तिथून इराणमार्गे ती इथं आली. त्यांच्या इथं शाळा होत्या, चर्च होतं. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि आजचं गांधीनगर वसलं.

दिवाळीचे कपडे घ्यायला आमची मुलं गांधीनगरला जातात. त्या बाजारात एकदा पोलंडची मुलं राहत होती आणि दुकानदारांचे आजोबा सिंध सोडून आले होते, हे कळल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. तोत्तोचानही शेवटी स्थलांतरितांच्या गाडीत कोंबून बसून ईशान्येकडं जाते. मुलं तिन्ही गाड्या एका नकाशावर काढतात : टोकियोहून निघालेली, सैबेरियाहून निघालेली, कराचीहून निघालेली. चौथी, बीडहून आलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, एका मुलानं आपणहून काढली. ती तशी वेगळी गोष्ट आहे, बॉम्बच्या भीतीनं कुणी येत नाही. मग वेगळी कशी आणि सारखी कशी, यावर अर्धा तास गेला.

मुंबईतल्या शिक्षकांना १४ एप्रिल १९४४ चा गोदीतला स्फोट घेता येईल. अग्निशमन सप्ताह त्याच आठवणीत पाळतात. मराठवाड्यात, कोकणात, बेळगावात, गोव्यात वेगळं काही निघेल. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारल्याशिवाय ते सापडणार नाही.

आजच्या बातम्या आल्या की

युद्धाची प्रकरणं सुरू झाली की मुलं मोबाइलवर पाहिलेलं वर्गात आणतात. माझे तीन नियम आहेत. व्हिडिओ आणायचा नाही, वर्तमानपत्राचं कात्रण आणायचं. कोण बरोबर यावर मतदान घ्यायचं नाही. आणि प्रत्येक बातमीला पहिला प्रश्न हाच : तिथली सहावीतली मुलं आत्ता कुठं शिकत असतील, काय खात असतील? दोन्ही बाजूंच्या मुलांबद्दल विचारायचा. कुणी घरात ऐकलेलं टोकाचं मत बोललं तर त्याला गप्प बसवू नका, “मासाओला तू हे कसं सांगशील?” असं विचारा. अमेरिकेहून तोमोएत आलेल्या मियाझाकीचं प्रकरण इथं परत वाचण्यासारखं आहे. बाहेर इंग्रजी शत्रूची भाषा ठरली असताना तोमोएतली मुलं त्याच्याकडून आनंदानं इंग्रजी शब्द शिकत होती.

लेखिका पुढं १९८४ साली युनिसेफची सदिच्छादूत झाली आणि जगभरच्या दुष्काळी, युद्धग्रस्त भागांतल्या मुलांना भेटत राहिली, हे मी शेवटच्या आठवड्यापर्यंत राखून ठेवते. खिडकीशी उभी राहणारी पोरगी पुढं काय झाली, हे मुलांना फार आवडतं.

मूल्यमापन

स्वभावचित्र लिहा, कोण कोणास म्हणाले, असलं काही काढू नका, पुस्तकाचा धडा होऊन जाईल. आम्ही ‘खिडकीची वही’ ठेवतो. डाव्या पानावर पुस्तकातलं एक चित्र किंवा चार ओळी, उजव्या पानावर आपल्या आजूबाजूचं त्याला जुळणारं काही. आठवड्याला एक जोडी. नोंदीसाठी एवढं पुरतं. चुका लाल शाईनं दुरुस्त करू नका, उत्तर म्हणून एक प्रश्न लिहून वही परत द्या.

मूळ जपानी नावात ‘खिडकीशी बसलेली’ असा अर्थ आहे. कामाच्या ठिकाणी बाजूला सारून खिडकीशी बसवून ठेवलेल्या माणसांसाठी जपानमध्ये तो शब्द वापरला जात होता. हे मुलांना सांगितल्यावर वह्यांच्या शेवटच्या पानांवर आपोआप माणसं येऊ लागतात : ओसरीवरची आजी, वर्गातला कुणी, देवळामागची वस्ती.

शेवटचा तास

शेवटच्या प्रकरणात शाळा जळते आहे. कोबायाशी सर रस्त्यात उभे राहून ज्वाळा बघतात आणि शेजारी उभ्या असलेल्या आपल्या तरुण मुलाला विचारतात, आता आपण कसली शाळा बांधूया?

हे तासाच्या सुरुवातीला वाचा, शेवटी नको, म्हणजे घंटेची घाई होणार नाही. वाचून झाल्यावर प्रश्न विचारू नका. कोरे कागद वाटा आणि सरांच्या प्रश्नाचं उत्तर काढायला सांगा. ज्याला चित्र नको त्यानं लिहावं, ज्याला काहीच नको त्यानं बसून राहावं. सर ती शाळा पुन्हा बांधू शकले का, असं कुणी ना कुणी विचारतंच. नाही, असं खरं सांगा.

चित्रं व्हरांड्यात लावा, पण साहेब येतात त्या उंचीवर नको. जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवर, पहिली-दुसरीच्या मुलांना दिसतील अशी लावा. आमच्या गेल्या वर्षीच्या चित्रांपैकी एका शाळेला बैलगाडीची चाकं होती. काढणारी मुलगी टोळीबरोबर आलेली होती. साखर कारखान्याचा हंगाम संपल्यावर ती गेली. जाताना तिनं चित्र मागितलं नाही, पुस्तक मागितलं, आणि सातव्या क्रमांकाची प्रत तिच्याबरोबर गेली. तेव्हापासून प्रती मागवताना मी दोन जास्तीच्या मागवते.